साक्ष कोणी द्यायची?

बायबलात लाजरसाची एक गोष्ट आहे. मिशनच्या शाळेत दोन वर्षे काढलेल्या आमच्यासारख्या ख्रिस्तेतरांनाही ती ठाऊक असते. एका श्रीमंताच्या दाराशी अंगावर फोड आलेला एक भिकारी पडलेला असे. पुढे दोघेही मेले. भिकारी सुखाच्या जागी गेला, श्रीमंत यातनेच्या जागी गेला, आणि दोघांच्या मध्ये कोणालाच ओलांडता येऊ नये अशी एक दरी पडली. ह्या गोष्टीत लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी की, त्या श्रीमंताने लाजरसाला मारले नव्हते, लुबाडले नव्हते, दारातून हाकलूनही दिले नव्हते. तो तिथे पडला आहे ह्याची त्याने दखल घेतली नाही, एवढाच त्याचा अपराध.

तमिळनाडूत तिरुच्चिरापल्ली शहरातील मेलापुदूर भागात कॅथलिकांची एक दफनभूमी आहे. तेथे ती दरी माणसांनी हाताने बांधून काढली. भिंतीच्या एका बाजूला दलित ख्रिस्ती, दुसऱ्या बाजूला बाकीचे ख्रिस्ती. मेलेल्या माणसाला कसला विटाळ होतो हे मला उमगत नाही. पण ज्यांना तो होतो त्यांनी मातीखालचीही सोय लावून ठेवली. ही भिंत पाडावी म्हणून वर्षानुवर्षे मागण्या झाल्या, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. त्याच राज्यात, त्या वेळच्या विळुप्पुरम जिल्ह्यातील एरैयूर गावी, २००८ च्या मार्चमध्ये ह्याहून भयंकर घडले. तिथले दलित कॅथलिक आपल्याला स्वतंत्र धर्मग्राम मागत होते, कारण एकाच चर्चमध्ये वागणूक दोन प्रकारची होती आणि त्यांच्या प्रेतयात्रेला गावचा मुख्य रस्ता बंद होता. वन्नियार ख्रिस्त्यांनी दलित ख्रिस्त्यांच्या वस्तीवर हल्ला केला, पोलिसांनी गोळीबार केला, दोन माणसे मेली. मारायला आलेले आणि मार खाणारे एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारे होते.

येथे एक खुलासा करून ठेवतो. मी ख्रिस्ती नाही. वरचा मजकूर वाचून ज्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत असतील, "पाहा, तिकडेही तेच!" असे म्हणून जे शेजाऱ्याला हाक मारणार असतील, त्यांच्यासाठी हा लेख नाही. तिकडे ती घाण आमच्याच अंगणातून गेली आहे. ज्या घरातून निघताना माणूस पाठीवर जातीचे गाठोडे घेऊन निघतो, त्या घराने दुसऱ्याच्या घरातील गाठोड्याकडे बोट दाखवून हसू नये. माझे भांडण ख्रिस्ताशी नाही, ख्रिस्ती माणसांशीही नाही. ते चर्च नावाच्या संस्थेशी आहे. आणि तेही एका नेमक्या मुद्द्यावर आहे.

तो मुद्दा एका चांभाराच्या खटल्यातून नीट समजतो. त्याचे नाव सूसै. जातीने आदिद्राविड, धर्माने ख्रिस्ती. मद्रासच्या एका हमरस्त्याच्या कडेला बसून तो चपला-जोडे दुरुस्त करी. सरकारने असे ठरवले की रस्त्यावर बसणाऱ्या अनुसूचित जातींच्या चांभारांना फुकट टपऱ्या द्याव्यात. शेजारी बसणाऱ्यांना त्या मिळाल्या, सूसैला मिळाली नाही. ऊन तेच, रस्ता तोच, आरी तीच, चामडे तेच, आणि जोडा पुढे करणाऱ्या गिऱ्हाइकाची नजरही तीच. फक्त ह्याचा बाप्तिस्मा झालेला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९८५ साली हरला.

का हरला, हे पाहण्यासारखे आहे. १९५० साली राष्ट्रपतींचा जो आदेश निघाला त्यात, हिंदूंखेरीज इतर धर्म पाळणाऱ्याला अनुसूचित जातीचा समजू नये असे कलम आहे. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला, १९९० साली बौद्धांचा. (आमच्या नवबौद्ध बांधवांना केंद्राच्या सवलतींसाठी नागपूरच्या दीक्षेनंतर चौतीस वर्षे थांबावे लागले, हे येथे आठवावे.) ख्रिस्ती आणि मुसलमान तेवढे बाहेर राहिले. न्यायालयाने सूसैला असे सांगितले की, धर्मांतरानंतरही जात उरते, एवढे दाखवून भागणार नाही. नव्या धर्माच्या समाजातही त्या जातीच्या माणसाला तितक्याच तीव्रतेचा जाच सोसावा लागतो, हे पुराव्याने दाखवले पाहिजे. आणि तसा पुरेसा पुरावा आमच्यापुढे आलेला नाही.

आता कोणीही शहाण्या माणसाने सांगावे, हा पुरावा कोणाजवळ असतो? रस्त्यावर बसणाऱ्या सूसैजवळ तो असणार नाही. तो चर्चच्या कपाटात असतो. दफनभूमीच्या नोंदवहीत असतो, चर्चच्या जमिनींच्या आणि दुरुस्तीच्या कागदांत असतो, धर्मगुरूंच्या पाठशाळेच्या प्रवेशयादीत असतो, सणाच्या मिरवणुकीत खांदा कोणी द्यायचा ह्याबद्दलच्या तंट्यांत असतो, बिशपकडे आलेल्या आणि उत्तर न दिलेल्या अर्जांत असतो. चर्चच्या संस्था गेली कित्येक वर्षे दिल्लीला निवेदने देतात की दलित ख्रिस्त्यांना अनुसूचित जातींचे हक्क द्या. त्यांची मागणी शंभर टक्के न्याय्य आहे. पण ह्या मागणीचा पाया असा की, बाप्तिस्म्याच्या पाण्याने अस्पृश्यता धुतली जात नाही. जो हे म्हणतो त्याने ती कोठे राहिली, कोणी राखली आणि कोणाच्या डोळ्यांदेखत राखली, तेही सांगितले पाहिजे. चर्चला खटला जिंकायचा आहे. फक्त साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहायचे नाही.

सरकारची बाजू तरी कोठे स्वच्छ आहे? "ख्रिस्ती धर्मात जात नाही, तेव्हा सवलत कशाची?" असा प्रश्न मोठ्या निरागसपणे विचारला जातो. जात शीख धर्मातही नाही, बौद्ध धर्मातही नाही. तिथे पोथी न पाहता माणूस पाहिला, ते योग्य केले. इथे मात्र पोथी उघडायची! अनुसूचित जमातींच्या बाबतीत तर धर्म विचारलाच जात नाही. ख्रिस्ती झालेला मुंडा मुंडाच राहतो. आणखी गंमत अशी की, हाच दलित ख्रिस्ती उद्या हिंदू धर्मात परत आला आणि त्याच्या जातीने त्याला सामावून घेतले, तर त्याची अनुसूचित जात त्याला परत मिळते, असे न्यायालयांनीच ठरवले आहे. म्हणजे जात नष्ट झाली नव्हती. ती कोठेतरी घडी घालून ठेवलेली होती. १९८९ चा अत्याचार-प्रतिबंधक कायदाही ह्या माणसाला लागू नाही. शिवी देणारा त्याच्या पूर्वजांची जात काढून शिवी देतो, आणि कायदा म्हणतो, तुला ती जात नाही. २००७ साली न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांच्या आयोगाने ही धर्माची अट काढून टाका अशी शिफारस केली, तिला कोणी हात लावला नाही. २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला, आणि दोन वर्षांची मुदत संपल्यावर ती वाढवली. मधल्या काळात गरीब माणसाने काय करायचे ते केले: चर्चमध्ये एक नाव, तहसील कचेरीत दुसरे. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका बाईच्या प्रकरणात, आरक्षणासाठी हिंदू म्हणवणे ही संविधानाची फसवणूक आहे, असे सुनावले. असेल. परंतु माणसाला देव आणि भाकरी ह्यांपैकी एकाचे नाव खोटे सांगायला लावणारा आदेश कोणी काढला, हाही प्रश्न त्याच निकालाच्या मागे उभा आहे.

सरकारला एवढे बोलून झाल्यावर पुन्हा चर्चकडे वळतो, कारण सरकारकडून न्यायाची भाषा मी फारशी अपेक्षीत नाही, चर्चकडून अपेक्षितो.

चर्च म्हणेल, आम्ही कबूल केले आहे. खरे आहे. २००३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तमिळनाडूच्या बिशपांना जातिभेदाबद्दल स्पष्ट शब्दांत बजावले. २०१६ साली भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने दलितांसंबंधी आपले धोरण प्रसिद्ध केले आणि जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप आहे असे त्यात नमूद केले. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला २०२२ साली कार्डिनल झाले. ते पहिले दलित कार्डिनल. पहिले भारतीय कार्डिनल, मुंबईचे व्हॅलेरियन ग्रेशस, १९५३ साली झाले होते. मधल्या एकोणसत्तर वर्षांचा हिशेब ज्याने त्याने मनात करावा. पाप कबूल करण्याची ख्रिस्ती पद्धत मला थोडीफार ठाऊक आहे. तिच्यात नुसते "पाप झाले" म्हणून चालत नाही. कोणते, केव्हा, कोणाविरुद्ध, हे सांगावे लागते, आणि चोरलेले परत करावे लागते. गावाचे नाव नसलेली, भिंतीची लांबी-रुंदी नसलेली कबुली म्हणजे प्रस्तावना झाली.

आणि हे पाप अजाणता आत शिरले असेही नाही. रॉबर्तो दे नोबिली हा इटालियन जेसुइट १६०६ साली मदुरेस आला. ब्राह्मणांत धर्म पसरायचा तर ब्राह्मणासारखे राहिले पाहिजे असे त्याने ठरवले. संन्याशाची वस्त्रे घेतली, मांस सोडले, खालच्या जातींच्या ख्रिस्त्यांपासून अंतर राखले. माणूस विद्वान होता, तमिळ आणि संस्कृत शिकला. त्याच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. वाद रोमला गेला. १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी नवख्रिस्त्यांना शेंडी आणि जानवे ठेवण्यास परवानगी दिली. त्याच आज्ञापत्रात, उच्च कुळातील ख्रिस्त्यांनी हीन कुळातल्यांचा तिरस्कार करू नये, अशी कळकळीची विनवणीही होती. परवानगी तेवढी पाळली गेली.

प्रॉटेस्टंटांनी ह्यावर हसू नये. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली चर्चमधून जातिभेद ताबडतोब आणि कायमचा हद्दपार करण्याचा हुकूम काढला. हुकूम चांगला, माणूस ठाम. परिणाम काय झाला? मद्रासजवळच्या वेपेरीत आणि तंजावरात वरच्या जातींचे ख्रिस्ती मोठ्या संख्येने चर्च सोडून बाहेर पडले. ज्या सरफोजीराजांनी श्वार्ट्झ मिशनऱ्याच्या हाताखाली धडे घेतले त्यांच्याच तंजावरात हे घडले. राजे मात्र वर्षभर आधीच वारले होते. ख्रिस्त सोडवत होता, पण जात सोडवत नव्हती. गोव्यात तर साडेचारशे वर्षांनंतरही कॅथलिक समाजाला बामण, चारदो, सुदिर हे शब्द शिकवावे लागत नाहीत. लग्न ठरवताना ते आपोआप आठवतात.

महाराष्ट्राचा अनुभव काहीसा निराळा आहे, आणि म्हणूनच तो अधिक बोचतो. येथल्या मिशनांचे ऋण नाकारणारा कृतघ्न म्हटला पाहिजे. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले ते अहमदनगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगरच्या) मिस फॅरार यांच्याकडे. त्याच नगर जिल्ह्यात महार आणि मांग मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात केडगावला जे केले ते करायला आमच्यापैकी कितीजण पुढे आले होते?

हे सारे मान्य करून डॉ. आंबेडकरांनी मिशनांना दोन प्रश्न विचारले. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनखंडांत ते सापडतात. तुमच्या शाळा-कॉलेजांवर आणि दवाखान्यांवर जो अफाट पैसा खर्च झाला, त्याचा लाभ मुख्यतः वरच्या जातींच्या हिंदूंना झाला. ज्या गरीब अस्पृश्यांनी तुमचा धर्म घेतला त्यांच्या वाट्याला काय आले? आणि दुसरा: हा ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध एकदा तरी लढायला का उभा राहिला नाही? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यात आहे असे मला वाटते. ज्याला सर्व काही देणाऱ्याच्या हातून मिळते, त्याला देणाऱ्याविरुद्ध तक्रार करण्याची सवय लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे उमगले होते. धर्मांतरानंतर बावीस वर्षांनी, १९१७ साली, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' भरवायला निघाले. देणारा आणि घेणारा हे नाते मोडल्याशिवाय भाऊ आणि भाऊ हे नाते जुळत नाही, हे त्या कवीला कळले. मिशनच्या हिशेबनिसांना कळले नाही.

सेवा आणि न्याय ह्यांत हाच फरक आहे. सेवेत देणाऱ्याला आपल्या जागेवरून हलावे लागत नाही. तो वाकतो, पण पायरी सोडत नाही. न्यायात पायरी सोडावी लागते. म्हणूनच सेवा सर्वांना आवडते, गिरणीमालकाला आवडते, मंत्र्याला आवडते, परधर्मीयालाही आवडते. मदर तेरेसा १९९७ साली वारल्या आणि सहा वर्षांत धन्य घोषित झाल्या. एल साल्व्हादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो हेही मुळात राजकारणापासून दूर राहणारे, जुन्या वळणाचे धर्मगुरू. शेतमजुरांत काम करणारे त्यांचे मित्र फादर रुतिलिओ ग्रान्दे यांचा १९७७ साली खून झाला, तेव्हापासून हा गृहस्थ दर रविवारी प्रवचनात मारल्या गेलेल्यांची, नाहीशा झालेल्यांची नावे वाचू लागला. २४ मार्च १९८० रोजी मिस्सा चालू असताना त्यांना गोळी घालण्यात आली. त्यांना धन्य घोषित करायला रोमला पस्तीस वर्षे लागली. संत ठरले ते २०१८ साली. तेरेसाबाईंच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण सहा आणि पस्तीस हे आकडे मी केलेले नाहीत. मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालणारी बाई लगेच ओळखता येते. त्याला कोणी मारले हे विचारणारा माणूस ओळखायला वेळ लागतो.

"चर्चने राजकारणात पडू नये," हा ह्यावरचा ठरलेला आक्षेप. तो चर्चबाहेरचे जितक्या जोराने घेतात तितक्याच जोराने आतलेही घेतात. आमच्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी जमिनी बळकावणाऱ्यांविरुद्ध आणि हिरवाई गिळणाऱ्यांविरुद्ध लोकांना उभे केले. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली ते गेले. त्यांनी धैर्य दाखवले ह्यात शंका नाही. परंतु त्या लढ्यात अन्याय बाहेरून येत होता आणि धर्मग्राम एका बाजूला होते. अन्याय करणारा आणि सोसणारा दोघेही रविवारी एकाच चर्चमध्ये येतात तेव्हा धर्मगुरूची खरी परीक्षा असते.

जेसुइट फादर स्टॅन स्वामी यांनी आयुष्य झारखंडच्या आदिवासींत घालवले. त्यांच्या जमिनींसाठी आणि खटल्यावाचून तुरुंगात कुजणाऱ्या तरुणांसाठी ते भांडले. २०२० च्या ऑक्टोबरात एल्गार परिषद प्रकरणात त्यांना अटक झाली आणि आमच्या तळोजा तुरुंगात ठेवण्यात आले. कंपवातामुळे पेला हातात धरता येईना, म्हणून नळीचा पेला मिळावा यासाठी ह्या म्हाताऱ्याला न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, ८४ व्या वर्षी, जामीन न मिळताच ते वांद्र्याच्या रुग्णालयात वारले. बिशपांनी निवेदने काढली, जेसुइटांनी त्यांची बाजू शेवटपर्यंत सोडली नाही, हे सांगितलेच पाहिजे. पण जिवंतपणी ह्या कैद्यासाठी किती धर्मग्रामांच्या रविवारच्या प्रार्थनेत नाव घेतले गेले, आणि मेल्यावर किती मेणबत्त्या लागल्या, ह्यांची तुलना ज्या त्या चर्चने आपापल्या ठिकाणी करावी.

आता चर्चच्या हातात असलेल्या दोन गोष्टी सांगतो. पहिली शाळांची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांना पंचवीस टक्के जागा दुर्बळ घटकांच्या मुलांना देणे भाग पाडले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या सर्व शाळांना ह्या कायद्यातून वगळले. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका घेतली आणि मोठ्या पीठाने विचार करावा असे सुचवले. मोठ्या पीठाचे मोठे पीठ पाहील. मी एवढेच विचारतो: पंचवीस टक्के गरीब मुले घेण्याची सक्ती नाही, म्हणजे बंदी आहे काय? अल्पसंख्याकांचा हक्क ही आपली ओळख टिकवण्यासाठी मिळालेली ढाल आहे. गरिबाला दारात घेणे ही जर ख्रिस्ती संस्थेची ओळख नसेल, तर ती ढाल कशाचे रक्षण करते आहे? ज्या शाळा आपणहून ही मुले घेतात त्यांना माझे बोलणे लागू नाही. त्यांनी आपल्या शेजारच्या कॉन्व्हेंटला ते वाचून दाखवावे.

दुसरी गोष्ट साक्षीची. प्रत्येक धर्मप्रांताने आपल्या दफनभूमींचे नकाशे, आपल्या धर्मगुरूंत, मुख्याध्यापकांत आणि विश्वस्तांत दलित किती ह्याचे आकडे, आणि भेदभावाच्या आलेल्या तक्रारी ह्यांचे प्रतिज्ञापत्र करून ते सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवावे. ही धर्माची अट काढून टाकावी ह्यासाठीचा अर्ज तेथे २००४ साली दाखल झाला. शत्रू ह्या कागदांचा गैरफायदा घेतील, ही भीती खोटी नाही, घेतीलच. पण ते कागद न देता गेल्या चाळीस वर्षांत काय मिळाले? सूसैच्या खटल्यात जे न्यायालयाला दिसले नाही, ते आजही कपाटातच आहे. ते बाहेर काढायला रोमची परवानगी लागत नाही, दिल्लीच्या आयोगाची मुदत संपण्याची वाट पाहावी लागत नाही. एक वकील आणि दफनभूमीची नोंदवही एवढे पुरते.